उतरणीची वेळ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला बोलाल का, असे विचारावयास चिटणीसबाई घरी आल्या तेव्हा मी विषय विचारला. त्या म्हणाल्या, "तुम्ही लेकीबरोबर बर्फात गेला होतात ना, तेच सांगा. पाककृती आणि आरोग्य दरवर्षी होतेच." मी चटकन हो म्हटले आणि मागाहून घाबरले. कारण बर्फात गेली ती माझी लेक. मी बर्फाच्या कडेला बसून वाट पाहिली. आयुष्यभर मुलांना भूगोल शिकवला, हिमनदी म्हणजे काय ते फळ्यावर खडूने काढून दाखवले, आणि हिम डोळ्यांनी पाहिले ते निवृत्त झाल्यावर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. तेव्हा मी जे सांगणार आहे ते वाट पाहणारीच्या जागेवरून सांगणार आहे, हे आधीच कबूल करते. ती जागा आपल्यापैकी बहुतेकींच्या परिचयाची आहे.

प्रथम शब्दाचीच गंमत बघा. आपल्या भाषेत एखादी बाई 'घसरली' म्हटले की त्याचा काय अर्थ होतो, ते मी येथे फोड करून सांगावयास नको. आमच्या शेजारच्या काकूंना जेव्हा कळले की माझी मुलगी पुण्याची नोकरी सांभाळून, पाच वर्षांची पोर नवऱ्यापाशी ठेवून, हिमालयात बर्फावर घसरावयास जाते, तेव्हा त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो बाई, लोक तिकडे देवाला जातात!" मी हसले. पण खरे सांगते, मनातून मी काकूंच्याच बाजूची होते.

आता हे स्कीइंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. स्की म्हणजे जवळजवळ माणसाच्या उंचीच्या दोन अरुंद पट्ट्या. पुढचे टोक मोजडीच्या चोचीसारखे वर वळलेले. पाय मोडल्यावर प्लास्टर घालतात तसा टणक बूट असतो, तो त्या पट्टीवर अडकवायचा. दोन हातांत दोन काठ्या. नॉर्वे-स्वीडनकडची माणसे हजारो वर्षे अशा पट्ट्या पायाला बांधून हिंडत आली. त्यांना तो खेळ नव्हता, आपल्याकडची बैलगाडी तशी त्यांची ती सोय होती. आपल्या देशात काश्मिरात गुलमर्ग येथे इंग्रज अंमलदारांनी १९२७ साली या खेळाचा क्लब काढला. १९८८ मध्ये कॅनडातील कॅल्गरी येथे शैलजा कुमार ही हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरणारी पहिली भारतीय स्त्री ठरली, ती याच खेळात. आणि २०१८ मध्ये तुर्कस्तानातील स्पर्धेत आंचल ठाकूर हिने कांस्यपदक मिळवले. स्कीइंगमधले भारताचे ते पहिले आंतरराष्ट्रीय पदक. ही आंचल मनालीजवळच्या बुरुआ गावची, म्हणजे मी जेथे गेले होते त्याच खोऱ्यातली.

पण हे सगळे तयार उतारावरचे. तेथे दोराला टांगलेल्या पाळण्यात बसून वर जावयाचे आणि दाबून नीट केलेल्या बर्फावरून खाली यावयाचे. माझी लेक करते तो प्रकार निराळा. त्यात पाळणा नाही, कोणी उतार झाडूनपुसून ठेवलेला नाही. आपल्याच पायांनी डोंगर चढावयाचा आणि मग उतरावयाचे. आता घसरणाऱ्या पट्ट्या पायात घालून माणूस चढतो कसा? मलाही हेच कोडे होते. तिने पट्टीच्या तळाला चिकटवावयाची एक लांब फीत माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आई, हात फिरवून बघ." एका दिशेने हात फिरवला तर मखमलीसारखी मऊ, उलट दिशेने फिरवला तर खरखरीत. पूर्वी ही फीत सीलच्या कातड्याची करीत. आता अंगोरा बकरीच्या लोकरीची नाहीतर नायलॉनची असते, पण नाव अजून 'कातडे' हेच. तिचे केस मागे वळलेले असतात, म्हणून पट्टी पुढे सरकते आणि मागे सरू लागली की अडते.

मला एकदम लहानपण आठवले. गव्हाच्या दिवसांत ओंबी झग्याच्या बाहीत टाकण्याचा चावटपणा आपण सगळ्यांनी केला आहे. काढायला जावे तर कुसळांमुळे ती वरवरच चढते, खाली म्हणून येत नाही. ते तत्त्व आणि हे तत्त्व एकच. मी हे सांगितल्यावर लेक म्हणाली, "इतकी वर्षे मी हे लोकांना दहा वाक्यांत सांगते, तू एका ओंबीत सांगितलेस." चढताना बुटाची टाच मोकळी ठेवतात, चप्पल घालून चालताना उचलते तशी ती उचलते, आणि वाट सरळ न नेता कुंभार्ली घाटासारखी वळणे घेत नेतात. वर पोहोचल्यावर कातडी सोलून काढावयाची, टाच पट्टीला पक्की करावयाची, आणि मग उतरणे. पाच तासांचा चढ आणि वीस मिनिटांची उतरण. त्या वीस मिनिटांसाठी एवढा खटाटोप का, ते मला अजून पुरते कळलेले नाही. पण आपण दिवाळीच्या चकल्या कराव्यात आणि घरच्यांनी त्या दोन दिवसांत संपवाव्यात, त्यातलाच हा प्रकार असावा.

ती जाते ते चैत्रात, एप्रिलच्या सुमारास. मी म्हणाले, बर्फाचा खेळ तर डिसेंबर-जानेवारीत असेल. बर्फ वितळावयास लागल्यावर काय जातेस? तेव्हा तिने जे समजावले ते आपणा सर्वांना स्वयंपाकघरातून समजेल असे आहे.

हिवाळ्यात बर्फ थरांवर थर पडतो, आणि त्यातला एखादा थर कच्चा राहतो. वरून दिसत नाही, पण भार पडला की वरचा सगळा गठ्ठा त्यावरून सुटतो. तेच हिमस्खलन. वसंतात दिवसा ऊन लागून बर्फ वितळतो आणि रात्री पुन्हा गोठतो. असे बरेच दिवस झाले की थर एकमेकांत मुरून एकजीव होतात आणि वरच्या भागात मोठे, वाटोळे, सुटे दाणे तयार होतात. पहाटे हे दाणे एकमेकांना चिकटून दगडासारखे टणक असतात. सकाळी ऊन लागले की वरचा दोन-तीन बोटांचा थर मोकळा होतो, आणि त्यावरून पट्ट्या लोण्यातून सुरी जावी तशा जातात. त्यानंतर मात्र बर्फ खोलवर भिजतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततात, आणि उतार उभा असेल तर तो ओला लगदा आपल्याच भाराने खाली येतो.

हा आपला साबुदाणाच की नाही? कमी भिजला तर कडक, नीट भिजला तर दाणा दाण्याला लागत नाही, आणि पाणी जास्त झाले तर गचका. फरक एवढाच की आपली खिचडी बिघडली तर ताकाबरोबर खाता येते. तेथे ती नीट भिजलेली वेळ तासा-दीड तासाचीच, आणि प्रत्येक उताराची निराळी. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन आधी येते, मग दक्षिणेकडच्या, मग पश्चिमेकडच्या. गच्चीच्या कोणत्या कोपऱ्यात किती वाजता ऊन येते हे कुरडया घालणाऱ्या बाईला विचारावे लागत नाही. या लोकांना ते अख्ख्या डोंगराबद्दल ठाऊक असावे लागते. म्हणून मध्यरात्रीनंतर उठावयाचे, टणक बर्फावरून अंधारात चढावयाचे, आणि बर्फ मऊ होऊ लागताच उतरून यावयाचे.

एवढे कळूनही माझी भीती गेली नव्हती. का, ते सांगते. २०२२ च्या नवरात्रात दोन बातम्या आल्या. घटस्थापनेच्या दिवशी, २६ सप्टेंबरला, नेपाळातील मनास्लू शिखराच्या माथ्यावरून स्कीवर उतरावयास लागताच हिलरी नेल्सन ही अमेरिकन बाई हिमस्खलनाबरोबर वाहून गेली. दोन मुलांची आई, आणि या विद्येत जगात नावाजलेली. चारच वर्षांपूर्वी, सप्टेंबर २०१८ मध्ये, तिने आणि तिच्या जोडीदाराने ८,५१६ मीटर उंचीच्या ल्होत्से शिखरावरून स्कीवर उतरून दाखवले होते. तिच्या बातमीची धग निवते न निवते तोच खंडेनवमीला, ४ ऑक्टोबरला, उत्तराखंडात द्रौपदी का डांडा या डोंगरावर गिर्यारोहण शिकणाऱ्यांची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि पंचवीसहून अधिक माणसे गेली. त्यात शिकवणारी सविता कंसवाल होती. त्याच वर्षी मे महिन्यात तिने सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू ही दोन शिखरे चढली होती. शिकणारे गेले असते तर मी म्हणाले असते, पोरे कच्ची होती. पण येथे जाणत्याच गेल्या होत्या.

मी लेकीला फोन केला आणि म्हणाले, "झाले तेवढे पुरे. पोरीकडे बघ." ती काही बोलली नाही. दिवाळीला आली तेव्हा मात्र तिने जुना हिशेब काढला. आपल्या शेजारच्या साताऱ्याची प्रियांका मोहिते आपणा सर्वांना माहीत आहे. २०१३ साली तिने एव्हरेस्ट चढले तेव्हा मी वर्तमानपत्रातील तिचे चित्र कापून वर्गातल्या फलकावर लावले होते. पुढे २०१८ मध्ये ती ल्होत्से चढली, १६ एप्रिल २०२१ रोजी अन्नपूर्णेच्या माथ्यावर पोहोचली, तेथे जाणारी ती पहिली भारतीय स्त्री. आणि २०२२ च्या मे महिन्यात कांचनगंगा झाल्यावर आठ हजार मीटरवरची पाच शिखरे चढणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. दर वेळी मी वर्गात नाहीतर ओळखीच्यांत कौतुकाने सांगितले आहे. लेक म्हणाली, "आई, दुसऱ्याची मुलगी डोंगरावर गेली की तू तिला फलकावर लावतेस. स्वतःची गेली की फोन करतेस." मला उत्तर सुचले नाही. मग तीच म्हणाली, "तू माझ्याबरोबर चल. काय करतो ते बघ, आणि मग नाही म्हण."

अशा रीतीने २०२३ च्या एप्रिलात मी ओगलेवाडीच्या स्टेशनावर गाडीत बसले. पुणे, दिल्ली, आणि मग बसने मनाली. घरी नातीपाशी जावई. काकूंनी निघताना अंगारा दिला, तो मी पदराच्या टोकाला बांधला.

मनालीच्या वर सोलांगचे खोरे. त्याच्या डोक्याशी धुंदी. तेथेच अटल बोगद्याचे दक्षिणेकडील तोंड आहे. नऊ किलोमीटरचा हा बोगदा २०२० च्या ऑक्टोबरात खुला झाला. तेथपर्यंत मोटार जाते. पुढे बियास नदीच्या उगमाकडे पायवाट, आणि तीन हजार तीनशे मीटरवर बकरथाच नावाचे मेंढपाळांचे कुरण. मी तेथपर्यंत चालत गेले, हे मला आवर्जून सांगावयाचे आहे! आपले कराड समुद्रसपाटीपासून जेमतेम पावणेसहाशे मीटर. तेथे दहा पावले टाकून उभे राहावे लागे. तंबूच्या बाहेर आले तो समोर एक पांढरेशुभ्र शिखर. नाव विचारले तर वाटाड्या म्हणाला, "माताजी, ये हनुमान टिब्बा." मी हात जोडले. मसूर, शहापूर, उंब्रज येथल्या मारुतींच्या पंचक्रोशीतली मी. एवढ्या लांब येऊन ओळखीचे कोणीतरी भेटल्यासारखे वाटले. काकूंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "बघा, म्हणजे शेवटी देवालाच गेलात."

लेकीबरोबर तिची एक मैत्रीण, एक तरुण मुलगा आणि हा तिथलाच वाटाड्या, अशी चार माणसे. प्रत्येकाच्या छातीवर एक लहान यंत्र, त्यातून सतत संदेश जात असतो. कोणी गाडले गेले तर बाकीच्यांनी त्या संदेशावरून जागा शोधावयाची, घडीची लांब काठी खुपसून पाहावयाचे आणि फावड्याने उकरावयाचे. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढले तर माणूस बहुधा वाचतो, त्यानंतर आशा झपाट्याने उतरत जाते. म्हणजे बाहेरून मदत येईपर्यंत थांबता येत नाही, बरोबरच्यांनीच काढावयाचे. तळावर त्यांनी एक यंत्र बर्फात पुरून शोधण्याचा सराव केला. मी हातात घड्याळ धरून वेळ सांगत होते. शाळेत धावण्याच्या शर्यतीला सांगत असे तशी. त्या घड्याळाकडे बघताना घसा कोरडा पडला.

पहिल्या रात्री पहाटे तीनला ते उठले, चहा झाला, दिवे कपाळाला बांधून निघाले. मी तंबूच्या तोंडाशी जप करीत बसले. साडेचारला पावले वाजली आणि चारही जण परत! मला आनंद झाला, पण शिक्षिकेचा स्वभाव, विचारलेच, "का?" लेकीने वर बोट केले. आभाळ ढगाळ होते. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशात सोडून देतो आणि गोठतो. ढग आले की ते गोधडीसारखे पांघरूण होते आणि बर्फ गोठतच नाही. आपल्याकडेही पौषात आभाळ स्वच्छ असले की पहाटे गारठा जास्त आणि ढग आले की उबारा, हे शेतावरच्या बाईला ठाऊक असते. हे मी इतकी वर्षे शिकवले होते, आणि तरीही आभाळाकडे पाहण्याचे मला सुचले नव्हते. मी जप करीत होते.

तिसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ झाले. ते वरच्या तळावर गेले. तेथून दुसऱ्या पहाटे ५,२८९ मीटर उंचीच्या फ्रेंडशिप शिखराला जाऊन उतरावयाचे होते. मी आणि स्वयंपाकी खाली राहिलो. जाण्यापूर्वी लेकीने माझ्या वहीत लिहून दिले, 'साडेनऊला जेथे असू तेथून परत. दुपारी दोनपर्यंत बकरथाच.' त्याखाली सही केली. मी ते पान आजही ठेवले आहे.

त्या सकाळी मी नातीचा स्वेटर विणावयास घेतला. चौदा ओळी विणल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या उसवाव्या लागल्या. नऊ वाजले, साडेनऊ वाजले. ऊन असे की दगडावर हात ठेववत नव्हता, आणि बर्फावरून ते डोळ्यांत येत होते. काळा चष्मा काढला तर पाच मिनिटांत पाणी वाहू लागे. समोरच्या, त्यांच्या वाटेवर नसलेल्या, एका धारेवरून दोनदा गडगडाट करून बर्फ खाली आला. स्वयंपाकी म्हणाला, "रोज का है, माताजी." तो लसूण सोलत होता. मला त्याचा राग आला.

एक वाजता ते आले. नाके जळून काळी, ओठ फुटलेले. शिखर झाले नव्हते. माथ्यापासून सुमारे अडीचशे मीटर खाली, म्हणजे आपल्या आगाशिवाच्या डोंगराएवढाही चढ उरला नव्हता, तेथून परत फिरले होते.

कारण काय, तर त्या मुलाच्या पट्टीचे कातडे. आदल्या दिवशी ते ओले झाले होते, पहाटे त्याचा चिकटपणा गेला. चार-चार पावलांवर निघून येई. अंगरख्याच्या आत छातीशी धरून ऊब दिली, चिकटपट्टीने बांधले, पुन्हा निघाले. यात दीड तास गेला. साडेनऊला माथा समोर दिसत होता, हवा स्वच्छ, वारा नाही. मुलगा हात जोडून म्हणाला, एवढ्यासाठी सोडू नका, माझ्यामुळे तुमचे शिखर गेले असे होईल. मैत्रीणही डळमळली. वर जावयास आणखी दीड तास लागला असता, कारण त्या उंचीवर श्वासागणिक प्राणवायू समुद्रकाठच्या निम्म्याहून थोडासाच अधिक मिळतो. वाटाड्या काही बोलला नाही. त्याने काठी उलटी केली आणि मुठीच्या बाजूने बर्फात दाबली. ती वीतभर आत गेली. मग लेकीने कातडी सोलावयास सुरुवात केली.

मी तेव्हा काही बोलले नाही. वरणभात वाढला. पण जेवण झाल्यावर दुर्बीण घेतली आणि दिवस मावळेपर्यंत, जेवढा दिसत होता तेवढा त्यांचा उतार पाहत बसले. मला काय हवे होते ते सांगावयास लाज वाटते. तो उतार कोसळावा असे मला वाटत होते. म्हणजे लेक बरोबर होती हे सिद्ध झाले असते. त्या हिरमुसल्या पोराला दाखवता आले असते, की बघ, तू तेथे असतास.

काहीही झाले नाही. सूर्य गेला, बर्फ निळसर झाला आणि पुन्हा गोठला.

रात्री मी लेकीला म्हणाले, "अगं, काहीच आले नाही गं खाली. उगीच परत आलात का?" ती पायाचे फोड पाहत होती. म्हणाली, "ते कळायला मार्ग नाही, आई. आम्ही वर असतो तर आमच्या भाराने आला असता, की नसता आला? कसे कळणार? परत फिरलेल्याला पुरावा मिळत नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि जो जातो आणि सुखरूप येतो त्यालाही मिळत नाही. त्याला वाटते आपण बरोबर होतो. कदाचित तो नुसता सुटलेला असतो."

भगिनींनो, त्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा-कोयनेला पाणी चढले तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या वस्तीत माझी एक जुनी विद्यार्थिनी राहते. पाणी अजून लांब असताना तिने रात्रीत सासू, पोरे, शिलाईचे मशीन हलवले. पाणी तिच्या दारापासून दोन बोळ अलीकडे थांबले. पुढे कितीतरी महिने तिची थट्टा चालली होती. दीर म्हणायचा, वहिनींना आभाळ भरले की बिऱ्हाड हलवावेसे वाटते. मीसुद्धा त्या थट्टेला हसले आहे. मनालीहून आल्यावर मी तिच्याकडे मुद्दाम गेले आणि तिला हे सगळे सांगितले. ती मशीनवर काम करीत होती, थांबली नाही. म्हणाली, "बाई, मला ठाऊक होते पाणी येणार नाही. पण मला तसे नक्की ठाऊक नव्हते."

माझी लेक शूर आहे असा डांगोरा पिटण्यासाठी मी उभी राहिलेली नाही. नियम पाळूनही माणसे जातात. हिलरी नेल्सन बेपर्वा होती असे कोणी म्हणू शकणार नाही. आणि काकूंचे म्हणणे, की आईने जाऊच नये, तेही मी खोडून काढू शकत नाही. तिच्या पोरीच्या तोंडाकडे पाहिले की मला अजून तसेच वाटते. पण पूर्वी मी नुसती भीत असे. आता कशाला भ्यावयाचे ते मला कळते. ढगाळ रात्रीला, उशिराला, ओल्या कातड्याला, आणि "एवढ्यासाठी काय सोडायचे" म्हणणाऱ्याला. तिच्या फोनवर मी आता देवाचे नाव घेते आणि मागोमाग विचारते, रात्री आभाळ कसे होते? किती वाजता निघालात? ती म्हणते, "परीक्षा घेतेस का?" मी म्हणते, "होय."

त्या मुलाचे सांगावयाचे राहिले. पुढच्या वर्षी तो पुन्हा त्यांच्याबरोबर गेला. त्या वेळी तो म्हणे रात्री कातडी उशाशी नाही, झोपण्याच्या पिशवीत पोटाशी घेऊन निजला.

नात आता मोठी होत चालली आहे. गेल्या मे महिन्यात कराडला आली होती, तेव्हा मी तिला आगाशिवाच्या लेण्यांवर नेले. उतरताना ती धावू लागली. मी ओरडले, "हळू!" आणि लगेच गप्प बसले. मग तिला हात धरून, पाय आडवा ठेवून, घसरड्या मुरमावरून कसे यावयाचे ते दाखवले. तेवढे मलाही येते.

यंदाही लेक एप्रिलात गेली होती. त्या आठवड्यात मला पहाटे तीनला आपोआप जाग येई. उठून आधी गच्चीत जाई आणि आभाळात ढग आहेत का पाही. कराडच्या आभाळाचा आणि मनालीच्या आभाळाचा काही संबंध नाही, हे मी भूगोलाची शिक्षिका आहे, मला ठाऊक आहे. तरी पाहत असे.